सातबारा एकट्याचा, ठराव गावाचा

(जिल्हा मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज कापसाच्या भावावर बोलायचे नाही. त्यावर आपण दरवर्षी बोलतो आणि पुढेही बोलू. आज बोलायचे आहे ते कापूस ज्या जमिनीत येतो तिच्याबद्दल. भाव यंदा पडला तर पुढच्या साली चढेल अशी आशा तरी असते. जमीन गेली की पुढचे सालच नसते.

मागे आपल्या भागात एका खाणीची जनसुनावणी झाली. कोणत्या खाणीची ते सांगायची गरज नाही. आज इथे बसलेल्यांतले कितीतरी लोक त्या मांडवात होते, आम्हीही होतो. बंड्या, ट्रॅक्टर भरून माणसे आली होती. आपण घोषणा दिल्या, दोन-तीन तास आरडाओरडा केला, माईकसाठी ओढाताण केली. पुढाऱ्यांनी भाषणे ठोकली. संध्याकाळी घरी आलो तेव्हा सगळ्यांना वाटत होते की आज सरकारला चांगला हिसका दाखवला.

पुढे त्या सुनावणीचे इतिवृत्त आपण मागून घेतले. दोन-तीन तासांच्या गदारोळाचे त्यात एवढेच झाले होते: उपस्थितांनी धूळ, पाणी व रोजगाराबाबत चिंता व्यक्त केली. खाली प्रकल्पवाल्यांचे उत्तर होते: योग्य त्या उपाययोजना करण्यात येतील. कोणत्या गावाची किती विहीर आटली, कोणाच्या धुऱ्यावर मातीचा ढिगारा आला, कोणती पांदण बंद झाली, यातले एक अक्षर त्यात नव्हते. का नव्हते? लिहिणाऱ्याने लबाडी केली असे म्हणून मोकळे होता येईल. पण खरी गोष्ट अशी की यातले एक अक्षर आपण लिहून दिलेच नव्हते. सरकारला कान नसतात, डोळे असतात. त्याला ऐकू येत नाही, वाचता तेवढे येते.

आजचे बोलणे त्या एका चुकीबद्दल आहे. ती पुन्हा होऊ द्यायची नाही, म्हणून.

काळी जमीन, काळा कोळसा

वर्धा नदीच्या खोऱ्यात आपली काळी कसदार जमीन आहे. वरोरा, भद्रावती, राजुरा, कोरपना ही सगळी पऱ्हाटीची, ज्वारीची, तुरीची गावे. त्याच जमिनीखाली कोळसा आहे आणि कोरपना-राजुऱ्याकडे सिमेंटचा चुनखडकही आहे. वर पीक आणि खाली खनिज, अशी ज्याची जमीन, त्याला जगाच्या हिशोबाने श्रीमंत म्हणायला पाहिजे. आपल्याकडे तो आधी धुळीचा धनी होतो आणि मग बेघर.

चंद्रपूरचे वीज केंद्र 1980 च्या दशकात सुरू झाले. आज त्याची क्षमता 2920 मेगावॅट आहे. राज्याच्या कारखान्यांना, शहरांना ती वीज जाते आणि राख इथे उरते. त्याच चिमणीच्या सावलीतल्या शेतकऱ्याने रात्री मोटार सुरू करायला उठावे, हेही आपण वर्षानुवर्षे पाहिले. 2009 साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या औद्योगिक भागांना प्रदूषणाचे गुण दिले. चंद्रपूरला 83.88 गुण मिळाले आणि देशात चौथा नंबर आला. शाळेत पोराला इतके गुण मिळाले असते तर आपण पेढे वाटले असते. या गुणांनंतर जानेवारी 2010 मध्ये केंद्राने अशा भागांत नव्या प्रकल्पांच्या मंजुऱ्या काही काळ थांबवल्या होत्या. म्हणजे इथली हवा-पाणी बिघडले आहे, हे आपण सांगायची गरज राहिलेली नाही. ते सरकारने स्वतःच लिहून ठेवले आहे.

पण सरकारने लिहिले ते जिल्ह्याचे. तुमच्या गटाचे कोणी लिहिलेले नाही. खुली खाण पाण्याच्या पातळीच्या खाली जाते, खड्ड्यात साचलेले पाणी रात्रंदिवस उपसतात, मग आसपासच्या विहिरींचा झरा तुटतो. खाणीतून काढलेल्या मातीचे, ज्याला आपण ओबीचे डोंगर म्हणतो, ढिगारे नाल्याच्या काठावर उभे राहतात. पावसाळ्यात ती माती नाल्यात उतरते, नाला उथळ होतो आणि पाणी शेतात घुसते. कोळशाच्या रस्त्याकडेच्या पऱ्हाटीची बोंडे फुटली की पांढरा कापूस काळपट होतो. व्यापारी मूठभर कापूस हातात घेतो, चोळून बघतो आणि भाव पाडतो. त्या पडलेल्या भावाची पावती कोणाकडे आहे? ठेवली असेल तर ती पुरावा आहे. फेकली असेल तर तो आपला नुसता समज आहे.

जमीन एकेकाची जाते

आता सातबाऱ्याकडे येऊ. आपल्याला वाटते, सातबारा आपल्या नावावर आहे, आपल्या सहीशिवाय कोण काय करणार? हा भ्रम आहे, आणि फार महागाचा आहे.

कोळशासाठी जमीन घ्यायचा कायदा वेगळा आहे, 1957 सालचा. त्यात तुमच्या संमतीला जागा नाही. आधी शोध घेण्याच्या इराद्याची अधिसूचना निघते, मग संपादनाच्या इराद्याची. ही अधिसूचना छापली जाते भारत सरकारच्या राजपत्रात. ती निघाल्यापासून 30 दिवसांत हरकत घ्यायची. निघाल्यापासून 30 दिवस, तुम्हाला कळल्यापासून नव्हे. आता सांगा, आपल्यातले किती जण सकाळी चहाबरोबर राजपत्र वाचतात? आपल्याला कळते ते मोजणीवाले शेतात खुंट्या ठोकायला येतात तेव्हा. तोवर हरकतीची मुदत गेलेली असते.

2013 चा भूसंपादन कायदा आला तेव्हा मोठा गाजावाजा झाला. खासगी प्रकल्पासाठी 80 टक्के बाधित कुटुंबांची संमती हवी, असे त्यात आहे. पण कोळशाचा कायदा त्यातून बाजूला ठेवला गेला. 2015 मध्ये मोबदल्याच्या आणि पुनर्वसनाच्या तरतुदी त्याला लावल्या, संमतीची अट मात्र लावली नाही. म्हणजे किंमत विचारता येते, नाही म्हणता येत नाही.

आणि किंमतसुद्धा आपण कशी विचारतो? एकेकटे. आज दलाल याच्या ओसरीवर, उद्या त्याच्या. रस्त्याकडेच्याला जास्त, आतल्याला कमी. ज्याच्या घरी लग्न आहे तो आधी मान टाकतो, ज्याच्यावर सोसायटीचे कर्ज आहे तो त्याच्या मागून. मधल्या दोन-चार शेतांचा सौदा झाला की उरलेल्यांच्या वाटा तुटतात, बंडी शेतात जात नाही, मग तेही विकतात. कोणी कोणावर जबरदस्ती केली नाही, सगळे आपखुशीने झाले, असे कागदावर दिसते. गावाने जमीन विकायची असे कधी ठरवलेच नव्हते, तरी गाव विकले गेले.

सातबारा एकट्याचा असतो, म्हणून माणूस एकटा पडतो.

ज्यांच्याकडे सातबारा नव्हता

शेजारच्या जंगलपट्टीकडे बघा. तिथल्या गोंड-माडिया गावांकडे आपण कापूसवाले जरा वरूनच बघत आलो. त्यांच्याकडे शेती थोडकी, कागद त्याहून थोडके. ज्या जंगलावर ते पिढ्यानपिढ्या जगले त्याचा एक तुकडाही त्यांच्या नावावर नव्हता. पण सरकारशी बोलायची रीत त्यांना आपल्याआधी सापडली.

1980 च्या दशकात गोदावरीवर इचंपल्ली आणि इंद्रावतीवर भोपालपट्टनम अशी दोन धरणे होऊ घातली होती. गावे आणि जंगल बुडणार होते. जंगल बचाव, मानव बचाव म्हणून आंदोलन उभे राहिले. लालश्याम शहा महाराज आणि बाबा आमटे त्यात होते. धरणे बाजूला ठेवावी लागली. आंदोलने आपणही केली आहेत, त्यात नवल नाही. नवल पुढचे आहे. आंदोलन संपल्यावर धानोरा तालुक्यातले मेंढा गाव घरी जाऊन झोपले नाही. त्यांनी स्वतःला विचारले की उद्या पुन्हा कोणी आले तर काय करायचे?

त्यांनी गावसभा बसवली. घरटी बाया आणि माणसे, दोघेही. निर्णय मतमोजणीने करायचा नाही, सगळ्यांचे एकमत होईपर्यंत बोलत राहायचे. आणि बोलण्याआधी समजून घ्यायचे, म्हणून अभ्यास गट केला. कायदा काय म्हणतो, नकाशात काय आहे, कोणत्या कागदावर कोणाची सही लागते, हे बाहेरच्या जाणकारांना बोलावून विचारले. मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखा माणूस त्यांच्याबरोबर बसला, पण निर्णय गावाचा. देवाजी तोफा त्या गावचे; सरपंच-पाटलासारखा हुकूम न देता गावाचे म्हणणे मांडत आले. दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार, ही त्यांची घोषणा आपण सगळ्यांनी ऐकली आहे. आपण ती भिंतीवर लिहितो. त्यांनी ती वहीत लिहिली, ठराव करून.

2006 चा वनहक्क कायदा आला तेव्हा या वहीचा उपयोग झाला. 2009 साली मेंढ्याला सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, राज्यात सगळ्यांत आधी मिळालेल्यांत ते गाव. तरीही बांबू विकायला वाहतूक परवाना वनखातेच देणार, असा हट्ट होता. गाव हटले नाही. 27 एप्रिल 2011 रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हातात दिले. मंत्री गावात आले, गाव मंत्रालयात गेले नाही, हे लक्षात ठेवा.

हे गडचिरोलीचे झाले, असे कोणी म्हणेल. आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यात, गोंडपिपरी तालुक्यात पाचगाव आहे. त्यांनी 2009 मध्ये दावा केला, 2012 मध्ये हक्क मिळाला. तीन वर्षे कागदाचा पाठपुरावा केला. हक्क मिळाल्यावर त्यांनी तेंदूपत्ता तोडायचाच नाही असे ठरवले, कारण पानासाठी फांद्या छाटतात आणि आगी लावतात. हातातला पैसा सोडला आणि बांबूवर भर दिला. गाव एकत्र बसले तर नाही म्हणायची ताकद येते, ती अशी.

आणि ताडोबाजवळच्या लोहाऱ्याची कोळसा खाण आठवा. चंद्रपूरच्या लोकांनी विरोध केला, उपोषणे केली, कागदावर आक्षेप नोंदवले. ती खाण झाली नाही. कोळसा सापडला म्हणजे खणलाच जातो असे नाही.

फसू नका, मंतर नाही हा

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर आम्ही तुम्हाला गोड स्वप्न विकल्यासारखे होईल. ग्रामसभेचा ठराव म्हणजे जादूची कांडी नव्हे. एटापल्ली तालुक्यात सुरजागडच्या लोहखनिजाची खाण 30 लाख टनांवरून वर्षाला 1 कोटी टनांवर न्यायची होती. त्याची जनसुनावणी ऑक्टोबर 2022 मध्ये झाली ती गडचिरोलीला, जिल्ह्याच्या ठिकाणी. डोंगराखालच्या माणसाने दीडशे-एक किलोमीटर जाऊन आपले दुःख सांगायचे! सुनावणी शक्यतो प्रकल्पाच्या जागेजवळ घ्यावी, असे नियमच सांगतो. त्या भागातल्या ग्रामसभांचे विरोधाचे ठराव असूनही खाण चालू आहे.

वनजमीन वळवण्याआधी ग्रामसभेची संमती घ्या, असे केंद्राने 2009 मध्ये पत्रक काढून सांगितले होते. 2022 च्या नियमांनी केंद्राची मंजुरी संमतीवाचून देण्याची वाट काढली आणि ते काम राज्याच्या गळ्यात टाकले. कोळसा खाणींच्या ठराविक मर्यादेपर्यंतच्या विस्ताराला सुनावणीतून सूट देणारी पत्रकेही निघाली आहेत. पेसा कायदा 1996 चा, पण तो अनुसूचित क्षेत्रातल्या गावांनाच. आपल्यातली बरीच गावे त्याच्या बाहेर आहेत.

मग ठराव कशाला करायचा? कारण ठरावाशिवाय काहीच उरत नाही. उद्या कोर्टात जायचे, हरित लवादाकडे जायचे, मोबदल्यासाठी भांडायचे, तरी पहिला प्रश्न एकच विचारतात: त्या वेळी तुम्ही काय लेखी दिले होते? वावरात पेरले नाही तर पाऊस कितीही पडो, कापणीला काय येणार?

मांडवात जाण्याआधी

जनसुनावणीची रीत 2006 च्या अधिसूचनेत लिहिलेली आहे. ती आपल्याच बाजूची आहे, फक्त आपण वाचलेली नाही. नीट ऐका.

सुनावणीची सूचना किमान 30 दिवस आधी वर्तमानपत्रात द्यावी लागते. जिथे वर्तमानपत्र पोचत नाही तिथे दवंडी पिटून कळवावे, असेही त्यात आहे. तेव्हा ज्या गावात दवंडी झाली नाही त्याने तसे लिहून द्यावे. प्रकल्पाचा पर्यावरण अहवाल जिल्हाधिकारी कार्यालयात, जिल्हा परिषदेत, जिल्हा उद्योग केंद्रात बघायला ठेवावा लागतो आणि त्याचा सारांश मराठीत असावा लागतो. हे 30 दिवस आपल्या अभ्यासाचे दिवस. गावातली शिकलेली चार पोरे-पोरी बसवा. अहवालात तुमच्या गावाच्या विहिरी किती दाखवल्या, ते बघा. जिथे ओलित आहे तिथे पडीत लिहिले असेल, जिथे नाला आहे तिथे काहीच नसेल. ही एकेक चूक म्हणजे एकेक आक्षेप.

सुनावणीला किती माणसे आली याला कायद्यात महत्त्व नाही, गणपूर्ती नाही. पाच माणसे आली तरी सुनावणी होते आणि पाच हजार आली तरी होते. म्हणून गर्दीवर भिस्त ठेवू नका. हजर असलेल्या प्रत्येकाला विचारायचा हक्क आहे, लेखी म्हणणे आधीही देता येते. चित्रीकरण करावे लागते. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट अशी: शेवटी झालेल्या कामकाजाचा गोषवारा लोकांना मराठीत वाचून दाखवायचा असतो, मग जिल्हाधिकाऱ्यांच्या किंवा त्यांच्या प्रतिनिधीच्या सहीने तो पुढे जातो. मागच्या वेळी वाचन सुरू झाले तेव्हा आपण बंडी जुंपून निघालो होतो! पुढच्या वेळी वाचन संपेपर्यंत कोणी उठायचे नाही. आपला मुद्दा त्यात नसेल तर तिथेच सांगायचे, तिथेच लिहून द्यायचे आणि पोच घ्यायची.

ठराव कसा करायचा? खाण आम्हाला मान्य नाही, एवढ्या एका ओळीचा नको. गट क्रमांक लिहा. विहिरींची यादी करा. मे महिन्यात दोर टाकून पाण्याची खोली मोजा आणि तारखेसकट वहीत लिहा. पांदण कुठून कुठे जाते ते लिहा. गुरांची चराई, मसणवटा, देवस्थान, पिण्याच्या पाण्याची टाकी, सगळे लिहा. काळ्या कापसाच्या पावत्या जोडा. ग्रामसभेची गणपूर्ती 15 टक्के मतदार किंवा 100, यांतले कमी ते. तेवढ्या सह्या नीट घ्या, म्हणजे तांत्रिक खुसपट निघणार नाही. नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी असे कायद्यातच आहे. ती खरोखर घ्या. विहिरीचे पाणी कधीपासून खाली गेले हे पाणी भरणाऱ्या बाईला जितके ठाऊक असते तितके सरपंचाला नसते.

जिथे खाण आधीच आहे, तिथल्यांनी आणखी एक दार ठोठवायचे. 2015 पासून जिल्हा खनिज प्रतिष्ठान आहे. जुन्या खाणपट्ट्यांकडून स्वामित्वधनाच्या 30 टक्के, लिलावाच्या पट्ट्यांकडून 10 टक्के रक्कम त्यात जमा होते. हा पैसा बाधित गावांसाठी आहे, त्यातला मोठा वाटा पिण्याचे पाणी, आरोग्य, शिक्षण, पर्यावरण यांवर खर्च व्हायचा आहे. तो शहरातल्या शोभेच्या कामांवर गेला का, हे माहितीच्या अधिकारात विचारा. महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकाऱ्यांकडे लोकशाही दिन असतो. तिथे वैयक्तिक गाऱ्हाणेच घेतात; गावाचे ठराव जिल्हाधिकाऱ्यांकडे वेगळे द्या, पण तीन गावांचे एका दिवशी न्या.

आपल्यातली भेग

शेवटचे बोलणे कडू आहे. दलाल बाहेरून येतो, पण दार आतून उघडते. ज्याच्याकडे जमीन नाही त्या मजुराच्या पोराला खाणीत नोकरी हवी आहे. त्याला आपण गद्दार म्हणतो. का म्हणावे? कोरडवाहू कापसाने त्याला काय दिले? आपल्याला मोबदला मिळेल आणि त्याची मजुरी जाईल, याचा विचार आपल्या ठरावात नसेल तर तो आपल्याबरोबर का बसेल? मेंढ्याचे एकमत याचसाठी भारी आहे. तिथे एक माणूस नाही म्हणाला तर त्याला दाबत नाहीत, त्याचे ऐकून घेतात. त्या गावाने पुढे 2013 मध्ये ग्रामदान कायद्याखाली जमिनीही ग्रामसभेच्या नावे केल्या. आम्ही तुम्हाला तसे करा म्हणत नाही. तुमचा सातबारा तुमच्याच नावावर राहो. पण विकायचा की नाही आणि कोणत्या अटीवर, याची चर्चा ओसरीवर दलालाशी होण्याआधी चावडीवर गावाशी व्हावी, एवढे मागतो.

आम्ही कोळशाचे वैरी नाही. गावाने सगळे समजून घेऊन, भाव ठरवून, मजुरासकट सगळ्यांची सोय लावून जमीन द्यायची म्हटले तर द्यावी. ज्याची जमीन त्याचा निर्णय. फक्त तो निर्णय झोपेत होऊ नये.

येत्या ग्रामसभेला जाताना एक वही न्या. पहिल्या पानावर गावातल्या विहिरींची नावे लिहा आणि त्यापुढे पाण्याची खोली. एवढे एक काम झाले तरी आजचा मेळावा वाया गेला नाही. पुढच्या मेळाव्याला येताना घोषणा कमी आणा, वह्या जास्त आणा. त्या वह्या आपण इथेच, सगळ्यांसमोर वाचू.